सोलापूरहून एएमई व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं वाचा

मागच्या सुट्टीत घरी आलो होतो, तेव्हा अशोक चौकातले वडिलांच्या ओळखीचे एक लूमवाले मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी सायन्स झालेला, हुशार. हातात एका संस्थेचं गुळगुळीत माहितीपत्रक. दुसऱ्या दिवशी पहिला हप्ता भरायचा होता. "कॉलेज चांगलं आहे का, तेवढं सांगा," म्हणाले. मी विचारलं, "मान्यता कुठल्या कॅटेगरीची आहे?" बाप-लेक एकमेकांकडे बघायला लागले. आम्ही तिघांनी मिळून माहितीपत्रक उलटंपालटं केलं. चोवीस पानांत विमानांचे फोटो होते, हॉस्टेलचे फोटो होते, पण मान्यता कुठल्या प्रकारच्या विमानांसाठी आणि कामांसाठी आहे, ती कॅटेगरी कुठेच नव्हती.

९ जून २०२५ ला होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडे ही चौकशी फार वाढली आहे. त्यातच एएमईच्या, म्हणजे एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरच्या लायसन्सचे नियम गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतके बदललेत, की जुन्या माणसांनी मनापासून दिलेला सल्लाही आज चुकू शकतो. माझे वडील लूमवर जॉबर होते. मी मराठी माध्यमातून शिकलो, कर्ज काढून हा कोर्स केला, आणि आज बी१.१ लायसन्सवर, म्हणजे टर्बाइन इंजिनाच्या विमानांवर, काम करतो. वाटेत जिथे जिथे ठेचकाळलो, ते सगळं खाली क्रमाने लिहितो आहे.

१. आधी तीन कागद वेगळे ओळखा

सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो. "एएमई झाला" असं आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगळे कागद असतात, आणि ते तीन वेगळ्या दारांतून मिळतात.

पहिला, संस्थेचं कोर्स पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र. हे शिक्षण झाल्याचा पुरावा. यावर विमानाच्या कुठल्याही कागदावर सही करता येत नाही.

दुसरा, डीजीसीएचं लायसन्स. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, आपल्या आरटीओसारखं, पण विमानांसाठी. मॉड्युलच्या, म्हणजे ठरलेल्या एकेका विषयाच्या, परीक्षा पास झाल्या आणि ठरलेला अनुभव भरला की हे मिळतं.

तिसरा, कंपनीचं ऑथरायझेशन. तुम्ही ज्या देखभाल संस्थेत काम करता, ती तुमचं लायसन्स, टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारच्या विमानाची पात्रता) आणि अलीकडचा अनुभव तपासून तुम्हाला एक क्रमांक आणि मर्यादा देते: या विमानावर, या कामांसाठी, तुम्ही सही करू शकता. हे हातात आल्यावरच तुमच्या सहीने विमान सेवेत सोडता येतं. त्या सहीला सर्टिफिकेट ऑफ रिलीज टू सर्व्हिस म्हणतात, हँगरमध्ये नुसतं सीआरएस.

संस्था पहिला कागद देते. जाहिरात मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या कागदाच्या पगाराची असते. मधली वाट किती लांब आहे, हे आई-वडिलांना प्रवेशाच्या आधीच कळलं पाहिजे. कोर्स सुरू झाल्यापासून स्वतःच्या सहीपर्यंत पाच ते सात वर्षं धरून चाला. मला सहा लागली.

बीएस्सी किंवा बीटेकची पदवी हा चौथाच कागद. काही संस्था कोर्ससोबत पदवीही देतात. ती पुढे उपयोगी पडते, पण लायसन्सच्या जागी ती चालत नाही.

२. नियमांत काय बदललं

तुमच्या ओळखीत पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढचे एएमई असतील, तर ते 'बॅमेक'बद्दल बोलतील. बेसिक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर सर्टिफिकेट हे त्याचं पूर्ण नाव. त्या काळी आधी बॅमेक, मग पेपर एक, दोन, तीन, आणि लायसन्स ट्रेडनुसार: एअरफ्रेम वेगळं, इंजिन वेगळं, इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट आणि रेडिओ आणखी वेगळे. ती माणसं कामात पक्की आहेत. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. पण त्यांची ही वाट आता बंद झाली आहे.

आता डीजीसीएचा सीएआर-६६ (सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स) हा नियम चालतो. तो युरोपच्या पार्ट-६६ च्या धर्तीवर बांधलेला आहे. शिकवणाऱ्या संस्थांसाठी सीएआर-१४७ आणि देखभाल करणाऱ्या संस्थांसाठी सीएआर-१४५. हे तीन आकडे पाठ करा, पुढे रोज लागतील. नव्या पद्धतीत इलेक्ट्रिकल, इन्स्ट्रुमेंट आणि रेडिओ हे तीन जुने ट्रेड बी२ या एका कॅटेगरीत आले. बी१ वाल्याकडे सांगाडा, इंजिन, यांत्रिक यंत्रणा आणि शिवाय विद्युत यंत्रणाही आली. म्हणून "मला इलेक्ट्रिकल जमत नाही, मी मेकॅनिकल घेतो" असं आता म्हणता येत नाही.

दुसरा मोठा बदल कायद्याचा आहे. १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ लागू झाला. १९३७ चे विमान नियम मात्र त्या दिवशी रद्द झाले नाहीत. नव्या कायद्याखाली नवे नियम येईपर्यंत ते सुरू ठेवण्याची तरतूद त्या कायद्यातच आहे. नवख्याला याचा फटका बसतो मॉड्युल १० मध्ये, म्हणजे एव्हिएशन लेजिस्लेशनमध्ये. सिनियरच्या झेरॉक्स नोट्स 'एअरक्राफ्ट ॲक्ट १९३४' पासून सुरू होत असतील, तर त्या कायद्याच्या भागापुरत्या बाजूला ठेवा.

तिसरा बदल कामकाजाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये डीजीसीएची ईजीसीए ही ऑनलाइन व्यवस्था सुरू झाली. पूर्वी फाइल घेऊन कचेरीच्या फेऱ्या माराव्या लागत, ते आता बरंचसं पोर्टलवर होतं. सोय मोठी आहे, पण स्कॅन केलेला एखादा कागद अस्पष्ट असला तर अर्ज परत येतो, आणि तो परत आला आहे हे तुम्हालाच लॉगिन करून बघावं लागतं.

युरोपनेही २०२३ मध्ये आपला पार्ट-६६ सुधारला आणि जून २०२४ पासून तो तिकडे लागू झाला. म्हणजे बाजारात आज युरोपीय पुस्तकांच्या जुन्या-नव्या दोन्ही आवृत्त्या मिळतात. तुमची परीक्षा डीजीसीएची आहे. डीजीसीएच्या संकेतस्थळावरचं चालू सीएआर-६६ उतरवून घ्या, त्यातला अभ्यासक्रम छापून भिंतीवर लावा आणि पुस्तक त्याच्याशी ताडून घ्या.

३. कॅटेगरी ठरवा (आणि पंखा बघून फसू नका)

सोप्या भाषेत सांगतो.

- ए: ठरवून दिलेली छोटी नियमित कामं आणि साधे दोष. स्वतःच्या हाताने केलेल्या कामावरच सही.
- बी१: सांगाडा, इंजिन, यांत्रिक आणि विद्युत यंत्रणा. याचे चार भाग: बी१.१ टर्बाइन इंजिनाची विमानं, बी१.२ पिस्टन इंजिनाची विमानं, बी१.३ टर्बाइनची हेलिकॉप्टर, बी१.४ पिस्टनची हेलिकॉप्टर.
- बी२: एव्हिऑनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) आणि विद्युत यंत्रणा.
- बी३: २००० किलो किंवा त्याहून कमी वजनाची, केबिनमध्ये दाब नसलेली पिस्टन विमानं.
- सी: मोठ्या विमानाची हँगरमधली बेस मेंटेनन्स (मोठी तपासणी-दुरुस्ती) संपल्यावर अख्खं विमान सेवेत सोडणारा. हे अनुभवाने पुढे मिळतं, सुरुवात इथून होत नाही.

होटगी रोडला उतरणारं फ्लाय९१ चं एटीआर ७२-६०० तुम्ही पाहिलं असेल. पुढे सहा पात्यांचे दोन मोठे पंखे. आपल्याकडे नव्वद टक्के मुलं ते बघून म्हणतात, "पंख्याचं आहे, म्हणजे पिस्टन." तसं नाही. त्या पंख्यामागे प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाचं टर्बाइन इंजिन आहे. ते गिअरबॉक्समधून पंखा फिरवतं, म्हणून त्याला टर्बोप्रॉप म्हणतात. एटीआर बी१.१ मध्ये येतं, एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ सुद्धा. प्रवासी कंपन्यांच्या ताफ्यात जवळजवळ सगळी टर्बाइनचीच विमानं असतात. पिस्टनची विमानं मुख्यतः फ्लाइंग क्लबात आणि वैमानिक प्रशिक्षण संस्थांत.

काही संस्थांकडे बी१.२ ची मान्यता असते आणि जाहिरात एअरबसची असते. बी१.२ वाईट नाही. प्रशिक्षण संस्था वाढताहेत आणि तिथे माणसं लागतात. पण एअरलाइनचं स्वप्न बघून बी१.२ ला बसलात, तर पुढे टर्बाइनची मॉड्युल आणि तो अनुभव वेगळा भरावा लागतो. माझ्या बॅचमधल्या दोघांची यात वर्षं गेली.

बी१.१ की बी२, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. माझं मत: ज्याला सर्किट वाचताना भूक-तहान राहत नाही त्याने बी२ घ्यावं, ज्याला पाना हातात घेतल्याशिवाय समाधान नाही त्याने बी१.१. फक्त जागा शिल्लक आहे म्हणून कॅटेगरी घेऊ नका.

४. पात्रता आणि कागदपत्रं

बारावी भौतिक, रसायन आणि गणित घेऊन पास, किंवा अभियांत्रिकीचा तीन वर्षांचा डिप्लोमा. आपल्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा केलेल्यांनाही हा रस्ता मोकळा आहे, पुन्हा बारावीला बसायची गरज नाही. लायसन्ससाठी वयाची १८ वर्षं पूर्ण हवीत.

फाइलमध्ये हे ठेवा:

- दहावीची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र (जन्मतारखेसाठी हेच मुख्य)
- बारावीची गुणपत्रिका किंवा डिप्लोमाच्या सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका
- शाळा सोडल्याचा दाखला
- आधार, पॅन आणि पासपोर्ट
- वैद्यकीय प्रमाणपत्र
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो आणि सहीचं स्पष्ट स्कॅन
- शिष्यवृत्ती किंवा फीसवलतीसाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला

यातली सर्वांत मोठी अडचण आहे नाव. आपल्या सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड घरं एकाच वाड्यात राहतात, आणि आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग शाळेतल्या बाईंनी लिहिलं ते दहावीला, आधार केंद्रावर टाइप केलं ते आधारला, असं दोन तऱ्हेचं असतं. कुठे वडिलांचं नाव मधे, कुठे आडनाव आधी. डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर (परीक्षेसाठीचा कायमचा क्रमांक), परीक्षेचं प्रवेशपत्र, लॉगबुक (कामाच्या नोंदींची वही), लायसन्स आणि विमानतळाचा पास या सगळ्यांवर तुमचं नाव अक्षर न् अक्षर सारखं असायला हवं. दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि बाकीचं तिच्याप्रमाणे प्रवेशाच्या आधीच दुरुस्त करून घ्या. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो.

डोळ्यांची तपासणी, विशेषतः रंग ओळखण्याची, फी भरण्याच्या आधी करा. वायरचे रंग, धोक्याचे दिवे, पाइपवरच्या पट्ट्या हे सगळं रोज बघायचं असतं. सिव्हिलमध्ये किंवा डोळ्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे रंगीत ठिपक्यांच्या पाटीवर पाच मिनिटांत ही तपासणी होते.

५. संस्था: कुणाला काय विचारायचं

डीजीसीए कुठलीही केंद्रीय प्रवेश परीक्षा घेत नाही. 'राष्ट्रीय' नावाच्या ज्या प्रवेश परीक्षांचे मेसेज येतात, त्या खासगी आहेत. त्यांच्या गुणांवर फीसवलत मिळत असेल, पण ती परीक्षा दिली नाही म्हणून मान्यताप्राप्त संस्थेचा दरवाजा बंद होत नाही.

डीजीसीएच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. माहितीपत्रकावरचा दावा त्या यादीशी ताडा: संस्थेचं नाव, गाव, कॅटेगरी आणि मान्यतेची मुदत. एकाच नावाच्या दोन शहरांतल्या शाखांना वेगवेगळी मान्यता असू शकते. मग प्रत्यक्ष जा. पुणे-मुंबईकडे जायला गाड्यांना तोटा नाही, हैदराबादही आपल्याला जवळचं. एका दिवसाचं भाडं वाचवण्यासाठी फोनवर प्रवेश घेऊ नका.

तिथे गेल्यावर विचारा:

- मान्यतेचं पत्र दाखवा. त्यात बी१.१ किंवा बी२ स्पष्ट लिहिलंय का?
- कोर्सचे तास किती? बी१.१ आणि बी२ साठी किमान २४०० तास असतात.
- प्रत्यक्ष कामाचा भाग कुठल्या हँगरमध्ये होतो? त्या संस्थेशी लेखी करार आहे का, आणि आमच्या बॅचपर्यंत त्याची मुदत आहे का?
- मागच्या दोन बॅचमधल्या किती मुलांची सगळी मॉड्युल पास झाली? नोकरी कितींना लागली ते नंतर विचारा, आधी हे.
- फीमध्ये परीक्षा शुल्क, गणवेश, टूल, हँगरचं प्रशिक्षण आहे का? टाइप रेटिंग आहे का? (बहुतेक वेळा नसतं, आणि त्याचा खर्च लाखांत जातो.)

उत्तरं तोंडी घेऊ नका, ईमेलवर मागा. युरोपीय मॉड्युल शिकवणाऱ्या संस्था असतील, तर त्या परीक्षेने डीजीसीएचं लायसन्स कसं मिळणार, हे लेखी घ्या. ते दोन वेगळे रस्ते आहेत.

बाहेर पडल्यावर गेटजवळच्या चहाच्या टपरीवर शेवटच्या वर्षाची दोन-चार मुलं गाठा. वर्कशॉपमधलं इंजिन कधी उघडलं होतं, एवढंच विचारा. मला स्वतःला एका संस्थेत चकचकीत प्रयोगशाळा दाखवली होती. तिथल्या मुलाने सांगितलं, की ते कुलूप पाहुणे आले की उघडतं. मी तिथून परत आलो आणि दुसरी संस्था शोधली. त्या मुलाचे उपकार मी विसरलेलो नाही.

६. मॉड्युल: काय, किती, कुठल्या क्रमाने

परीक्षेला बसण्याआधी डीजीसीएच्या परीक्षा पोर्टलवर नोंदणी करून कॉम्प्युटर नंबर घ्यावा लागतो. तो आयुष्यभराचा. सत्राची सूचना आली की अर्ज भरायची खिडकी थोडेच दिवस उघडी असते.

बी१.१ साठी तेरा मॉड्युल: १ गणित, २ भौतिक, ३ विद्युत, ४ इलेक्ट्रॉनिक्स, ५ डिजिटल तंत्र, ६ मटेरियल आणि हार्डवेअर, ७ए मेंटेनन्स प्रॅक्टिसेस, ८ एअरोडायनॅमिक्स, ९ए ह्युमन फॅक्टर्स, १० लेजिस्लेशन, ११ए टर्बाइन विमानाची रचना आणि यंत्रणा, १५ गॅस टर्बाइन इंजिन, १७ए प्रोपेलर. बी२ ला पहिली दहा तीच, पुढे १३ आणि १४.

प्रत्येक मॉड्युलला ७५ टक्के लागतात. बोर्डाच्या ३५ ची सवय झालेल्या मुलाला हा पहिला धक्का असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका.

अभ्यासक्रमात प्रत्येक विषयापुढे १, २ किंवा ३ असा आकडा असतो. तो खोलीचा आकडा आहे. १ म्हणजे ओळख, २ म्हणजे समज आणि वापर, ३ म्हणजे मुळापासून, दोष शोधण्याइतकं. एकाच विषयाला बी१ ला ३ आणि बी२ ला १ असू शकतो. मी पहिलं वर्ष हे न बघता सगळं सारखंच वाचत बसलो होतो.

क्रम माझ्या मते असा: बारावी ताजी असतानाच १, २ आणि ८ उरका. मग ३, ६ आणि ९ए. मधल्या सत्रात ४, ५ आणि १०. ७ए वर्कशॉप झाल्यावरच द्या, कारण लॉकवायर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) कुठल्या दिशेने ओढायची हे चित्रावरून पाठ होत नाही, दोनदा बोटं कापल्यावर होतं. ११ए आणि १५ ही सगळ्यात जड, पण शेवटच्या सत्रावर ढकलू नका. नापास झालात तर पुन्हा बसायला वेळ हाताशी हवा.

आणि ९ए ला 'थिअरी आहे' म्हणून हलकं घेऊ नका. १० जून १९९० ला ब्रिटिश एअरवेजच्या बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या विमानाची पुढची काच हवेत निखळली आणि कॅप्टन अर्धे बाहेर ओढले गेले. काच उड्डाणाच्या आधीच बदललेली होती. बसवलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट इंचाच्या सव्वीस हजारांश भागाने बारीक होते. काम करणारा अनुभवी होता. त्याने पार्ट्स कॅटलॉगमध्ये नंबर न बघता जुन्या बोल्टाशी डोळ्यांनी जुळवून नवे घेतले होते. कॅप्टनसह सगळे वाचले. मी आजही बोल्टचा पार्ट नंबर दोनदा वाचतो आणि हाताखालच्या मुलांना मोठ्याने वाचायला लावतो. लायसन्स इतकं कडक का आहे, याचं उत्तर मला त्या ८४ बोल्टांत मिळालं.

७. मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

लायसन्सधारकाला देखभालीची पुस्तकं ज्या भाषेत आहेत ती भाषा वाचता, लिहिता, बोलता आली पाहिजे, असं नियमातच आहे. इथे ती इंग्रजी. घाबरू नका, आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासला हजारो रुपयेही घालू नका. मेंटेनन्स मॅन्युअलचं इंग्रजी वेगळं असतं. त्याला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. एएसडी-एसटीई१०० या मानकात मोजके, सुमारे ९०० शब्द मान्य आहेत, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. वाक्यं छोटी. ही व्यवस्था मुळात इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना मॅन्युअल नीट कळावं म्हणूनच केलेली आहे, म्हणजे आपल्यासाठीच.

मी काय केलं ते सांगतो. दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर मॅन्युअलमधलं वाक्य, उजव्या पानावर तेच काम मराठीत, वडिलांना समजेल असं. 'वॉर्निंग' म्हणजे माणसाला इजा, 'कॉशन' म्हणजे यंत्राचं नुकसान, हा फरक मी त्या वहीत लाल पेनने लिहिला होता. दुसरी वही भरेपर्यंत डावं पान वाचताना अडायचं थांबलं होतं.

८. अनुभव आणि लॉगबुक: इथे माझे पाच महिने गेले

सीएआर-१४७ मान्यताप्राप्त कोर्स केलेल्याला बी१.१ किंवा बी२ साठी चालू विमानांवर दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. ए, बी१.२ आणि बी१.४ साठी एक वर्ष. मान्य कोर्स न करता बी१.१ किंवा बी२ ला येणाऱ्याला पाच वर्षं, आणि संबंधित ट्रेडचं कुशल कामगार प्रशिक्षण असेल तर तीन. आयटीआय करून हँगरमध्ये टेक्निशियन म्हणून लागलेल्यांनी ही शेवटची वाट नीट तपासावी.

हा अनुभव मोजला जातो लॉगबुकात. तारीख, विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, काय काम केलं, एटीए चॅप्टर, आणि ज्यांच्या देखरेखीखाली केलं त्यांची सही. एटीए चॅप्टर म्हणजे विमानाच्या यंत्रणांचे जगभर चालणारे क्रमांक: २४ विद्युत, २७ उड्डाण नियंत्रण, २९ हायड्रॉलिक, ३२ लँडिंग गिअर, ७२ इंजिन.

मी काम मनापासून करायचो आणि सह्या "महिनाअखेर घेऊ" म्हणून ठेवायचो. ज्या सरांच्या हाताखाली पाच महिने होतो, ते अचानक नोकरी बदलून परदेशी गेले. त्यांच्या सहीशिवाय त्या पाच महिन्यांच्या नोंदी उभ्या राहिल्या नाहीत. रात्रपाळीत, पावसात केलेली चाकं-ब्रेकची कामं कागदावर झालीच नाहीत. म्हणून सांगतो, सही त्याच आठवड्यात घ्या. आणि:

- न केलेलं काम लिहू नका, कुणी "लिहून टाक रे" म्हटलं तरी. खोटी नोंद सापडली तर लायसन्स मिळायच्या आधीच वाट बंद होऊ शकते.
- पानभर ३२ नंबर, म्हणजे रोज चाकंच, असं होऊ देऊ नका. वेगवेगळ्या यंत्रणांवर काम मागून घ्या.
- दर रविवारी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

विमानतळाच्या आत काम करायचं तर बीसीएएसच्या (विमानतळांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या) नियमांप्रमाणे प्रवेश पास लागतो आणि त्याआधी पोलीस पडताळणी होते. पत्ता सोलापूरचा असेल तर चौकशी सोलापूरच्या पोलीस ठाण्यातून येते. घरच्यांना सांगून ठेवा, फोन उचलतील असं बघा. कामावर दारूची श्वास तपासणीही होते. आदल्या रात्रीच्या लग्नाची सबब तिथे चालत नाही.

९. लायसन्सनंतर: टाइप रेटिंग आणि स्वतःची सही

मॉड्युल झाली, अनुभव भरला, ईजीसीएवर अर्ज केला, लायसन्स आलं. घरी पेढे वाटून झाले. तरीही एअरबस किंवा एटीआरवर तुमची सही चालणार नाही. मोठ्या विमानांसाठी त्या त्या प्रकाराचं टाइप रेटिंग लायसन्सवर चढवावं लागतं. बी१.१ साठी ३० टनांपेक्षा जड विमानाचं थिअरी प्रशिक्षण किमान १५० तासांचं, एटीआरसारख्या त्याहून हलक्या विमानाचं १२०. शिवाय प्रात्यक्षिक, आणि त्या कॅटेगरीतलं पहिलंच टाइप असेल तर ओजेटी, म्हणजे कामावरचं प्रशिक्षण.

इथला सापळा: थिअरी आणि प्रात्यक्षिक दोन्ही अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत सुरू होऊन पूर्ण झालेली लागतात. नोकरी हातात नसताना घरचं सोनं गहाण टाकून टाइपची थिअरी करायची, प्रात्यक्षिकाला विमान मिळायचं नाही, आणि तीन वर्षं उलटायची, असं झालेली मुलं मी पाहिली आहेत. शक्यतो आधी टेक्निशियन किंवा ट्रेनी म्हणून कंपनीत शिरा. पगार कमी असतो, पण ज्या विमानावर रोज हात आहे त्याचंच टाइप करता येतं, आणि अनेकदा कंपनीच बाँड घेऊन ते करून देते. बाँडची वर्षं आणि रक्कम सही करण्याआधी वाचा.

ऑथरायझेशन मिळाल्यावर एक नियम कायम सोबत असतो. मागच्या दोन वर्षांत किमान सहा महिने प्रत्यक्ष देखभालीचा अनुभव नसेल, तर लायसन्स खिशात असूनही त्याचे अधिकार वापरता येत नाहीत. आजारपण, बाळंतपण, नोकरीतली दरी, काहीही असो. अशा वेळी लॉगबुक पुन्हा उघडा, नोंदी पुन्हा सुरू करा, आणि लायसन्सवर छापलेली मुदत संपण्याच्या बऱ्याच आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका.

लूमवाल्यांच्या मुलाने त्या संस्थेला ईमेलवर कॅटेगरी विचारली. चार दिवसांनी उत्तर आलं: बी१.२. हप्ता भरला नव्हता. आता तो डीजीसीएच्या यादीतून बी१.१ च्या संस्था काढून बसला आहे, आणि आधारवरचं स्पेलिंग दुरुस्त करायला दिलं आहे.